वादळाची वर्दी

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बंगालच्या उपसागरात वादळात सापडून, डोलकाठ्या गमावून, कशीबशी कलकत्त्याच्या बंदरास लागलेल्या जहाजांच्या रोजनिशा शेवटी हेन्री पिडिंग्टन नावाच्या एका इंग्रज गृहस्थाच्या हाती जात असत. पिडिंग्टन पूर्वाश्रमीचा दर्यावर्दी. पुढे जहाजांच्या अपघातांची चौकशी करणाऱ्या सागरी न्यायसभेचा तो अध्यक्ष झाला, आणि ज्या कागदांत इतर अधिकारी कप्तानाचा दोष शोधीत, त्याच कागदांत हा मनुष्य वाऱ्याची दिशा, पाऱ्याची पातळी आणि घड्याळाची वेळ शोधू लागला. एकाच दिवशी, एकाच प्रहरी, उपसागराच्या निरनिराळ्या भागांत असलेल्या जहाजांवर वारा कोणत्या दिशेने वाहत होता, हे नकाशावर मांडले की सारे वारे एका मध्याभोवती फिरत आहेत आणि तो मध्य स्वतःही दररोज काही अंतर चालत आहे, असे स्पष्ट दिसे. अशा अनेक वादळांच्या कैफियती त्याने बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात वर्षानुवर्षे प्रसिद्ध केल्या आणि त्या सर्वांचे सार काढून १८४८ साली खलाशांसाठी एक ग्रंथ लिहिला.

या ग्रंथाबरोबर दोन पारदर्शक पत्रे दिलेले असत, एक उत्तर गोलार्धासाठी व दुसरा दक्षिणेसाठी. पत्र्यावर वर्तुळे कोरलेली आणि वर्तुळांवर वाऱ्यांचे बाण. आपल्या जहाजावर त्या घटकेस जो वारा लागत असेल त्या दिशेचा बाण नकाशावरील आपल्या स्थानावर येईल अशा रीतीने तो पत्रा सरकवावा, म्हणजे पत्र्याचा मध्यबिंदू जेथे पडेल त्याच्या आसपास वादळाचे केंद्र आहे असे समजावे, आणि सुकाणू त्याच्यापासून दूर फिरवावे. गणित न शिकलेल्या, पुस्तकी विद्येचा फारसा संस्कार नसलेल्या तांडेलाच्या हाती निसर्गाचा एक नियम वापरण्याजोग्या रूपात देण्याचा हा प्रयत्न मला त्या साऱ्या शतकातील अत्यंत उदार अशा प्रयत्नांपैकी एक वाटतो. कारण त्यात ज्ञान, उपकरण आणि शिक्षण ही तिन्ही एकाच पत्र्यात एकवटलेली होती.

तथापि समुद्रावरच्या माणसाला जो सल्ला मानवला, तो जमिनीवरच्या सरकारला मानवला नाही. हुगळी नदी गाळाने भरत चालली आहे, तेव्हा कलकत्त्याच्या आग्नेयेस मातला नदीवर एक नवे बंदर वसवावे, अशी तजवीज डलहौसीच्या कारकिर्दीत चालू झाली. पिडिंग्टनने १८५३ साली गव्हर्नर जनरलला उद्देशून एक अनावृत पत्र प्रसिद्ध केले आणि त्यात बजावले की, या जागी वादळाबरोबर येणारी समुद्राची लाट एक ना एक दिवस सारी वसाहत बुडवील. पत्राचा परिणाम शून्य झाला. बंदर वसले, त्यास पुढच्या गव्हर्नर जनरलचे, कॅनिंगचे, नाव मिळाले, रेल्वे आली, धक्के व गुदामे उभी राहिली. पिडिंग्टन १८५८ साली वारला. १ नोव्हेंबर १८६७ रोजी वादळ आले, त्यासवे सुमारे सहा फुटांची लाट आली, आणि स्थानक, गुदामे, धक्का यांची जी धूळधाण झाली तीतून ते बंदर पुन्हा सावरलेच नाही. थोड्याच वर्षांत सरकारने ते सोडून दिले.

परंतु कॅनिंग बंदराचा नाश होण्याच्या तीन वर्षे आधी, याहून कितीतरी पटीने भयंकर असा धडा खुद्द कलकत्त्याला मिळाला होता. ५ ऑक्टोबर १८६४ रोजी अंदमानाच्या बाजूने निघालेले वादळ हुगळीच्या मुखाशी पोहोचले. समुद्राचे पाणी भिंतीसारखे उभे राहून नदीत शिरले, सागर बेट आणि दोन्ही तीरांवरची खेडी त्याखाली गेली, बंदरात नांगरलेल्या सुमारे दोनशे जहाजांपैकी बहुतेकांचे साखळदंड तुटून ती एकमेकांवर आदळली वा काठावर चढली, आणि मृतांची संख्या साठ हजारांच्या आसपास गेली. पुढच्याच महिन्याच्या पहिल्या तारखेस मच्छलीपट्टणम् येथे दुसरे वादळ आदळले आणि तेथेही सहस्रावधी माणसे बुडाली.

या प्रसंगी एक गोष्ट विशेष खेदाची घडली. हिंदुस्थानातील तारेची पहिली वाहती वाट कलकत्त्याहून डायमंड हार्बरपर्यंत, म्हणजे ज्या नदीतून मृत्यू वर चढला त्याच नदीच्या काठाने, १८५१ च्या सुमारास घातलेली होती, आणि ती घालण्याचा हेतूही जहाजांच्या वार्ता शहरास कळाव्यात हाच होता. म्हणजे तार होती, तारमास्तर होते, वादळांचा नियमही पिडिंग्टनमुळे सोळा वर्षांपूर्वीच छापून निघालेला होता. नव्हती ती एवढीच व्यवस्था, की किनाऱ्यावरच्या कोणा नेमलेल्या माणसाने पारा उतरताना पाहावा, त्याचा अर्थ ओळखावा आणि ती वर्दी तारेवरून पुढे धाडावी. इंग्लंडात तिकडच्या हवामानखात्याचा प्रमुख फिट्झरॉय याने १८६१ पासून बंदरांना वादळाचे इशारे देण्यास आरंभ केला होता. बंगालला त्याचे अनुकरण करण्यासाठी एवढे मृत्यू मोजावे लागले. १८६५ साली किनाऱ्यावरील काही ठाण्यांहून तारेने हवेची खबर मागवून कलकत्त्याच्या बंदरास इशारा देण्याचा शिरस्ता पडला.

वादळाची साद्यंत हकिकत लिहिण्याचे काम कर्नल गॅस्ट्रेल आणि हेन्री ब्लॅनफर्ड या दोघांवर सोपविण्यात आले. ब्लॅनफर्ड हा मूळचा भूगर्भशास्त्रज्ञ. भूगर्भखात्यात नोकरीस येऊन पुढे तो कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात अध्यापन करू लागला होता. या अहवालाने त्याच्या आयुष्याची दिशा बदलली. १८६६ च्या ओरिसातील दुष्काळाने पाऊस व वारा यांकडे दुर्लक्ष करणे राज्यकर्त्यांना किती महाग पडते हेही दाखविले होते; अखेर १८७५ साली साऱ्या देशासाठी एक हवामानखाते निर्माण झाले आणि त्याचे प्रमुखपद ब्लॅनफर्डकडे आले.

आपल्या इकडे मुंबईस याहून पुष्कळ आधी, १८२६ साली, कंपनी सरकारने कुलाब्याची वेधशाळा उभारली होती. तेथील प्रमुख ऑर्लिबार यांच्या हाताखाली केरो लक्ष्मण छत्रे नावाचा एक तरुण चुंबकीय व वायुविषयक नोंदी घेण्याचे काम करीत असे. हेच पुढे गणिती म्हणून महाराष्ट्रास पूज्य झालेले आणि टिळकांना गणित शिकविणारे केरूनाना. वेळ चुकू न देता, ठरल्या घटकेस उपकरणाशी उभे राहून जे दिसेल तेच लिहावयाचे, या कामातून मनाला जी शिस्त लागते ती कोणत्याही महाविद्यालयात लागत नाही, आणि नव्या खात्याला नेमकी हीच शिस्त देशभर पेरावयाची होती.

ते काम किती बिकट होते याची कल्पना आज सहसा येत नाही. इलाख्याइलाख्यांतून पूर्वीच नोंदी होत असत. परंतु एका ठिकाणी पारा सकाळी वाचीत, दुसरीकडे दुपारी, एकाचा वायुभारमापक दुसऱ्याशी कधी ताडून पाहिलेला नसे. आपल्या उष्ण मुलखात हवेचा दाब दररोज सकाळी दहाच्या सुमारास चढतो व दुपारी चारच्या सुमारास उतरतो, आणि हा नित्याचा चढउतार सुमारे इंचाच्या दहाव्या भागाएवढा असतो. दूर उपसागरात जन्मलेल्या वादळाची पहिली खूण किनाऱ्यावरच्या ठाण्यास मिळते ती मात्र याहूनही सूक्ष्म, इंचाच्या काही शतांशांची. मग एकाने दहाला व दुसऱ्याने चारला वाचलेले आकडे एका नकाशावर मांडले, तर जेथे वादळ नाही तेथे ते दिसावे आणि जेथे आहे तेथे ते लपावे, यात नवल ते काय? म्हणून ब्लॅनफर्डने प्रथम वेळा एक केल्या, उपकरणे कलकत्त्याच्या प्रमाणभूत उपकरणाशी ताडून पाहिली, आणि निरीक्षकांना वाचनाची रीत घालून दिली.

ती रीत पाहण्याजोगी आहे. निरीक्षकाने खोलीत शिरताच प्रथम वायुभारमापकास जोडलेला तापमापक वाचावा, कारण माणूस जवळ उभा राहिला की त्याच्या अंगाच्या उबेने तो चढू लागतो. मग नळीवर बोटाने हलकी टिचकी मारावी, म्हणजे काचेला धरून राहिलेला पारा मोकळा होतो. मग तळाचा स्क्रू फिरवून कुंडीतला पारा हस्तिदंती टोकास नेमका टेकेपर्यंत वर आणावा, इतका नेमका की टोक आणि पाऱ्यातले त्याचे प्रतिबिंब एकमेकांस भिडावे. शेवटी डोळा पाऱ्याच्या माथ्याशी समपातळीत आणून वर्नियरची पट्टी वाचावी, आकडा लिहावा, आणि पुन्हा एकदा वाचून खात्री करावी. हे सारे करणारा मनुष्य बहुधा दुसऱ्याच नोकरीत असे: कोठे तारमास्तर, कोठे सरकारी दवाखान्यातला सहायक, कोठे शाळामास्तर. त्याच्या हातून आलेल्या त्या एका आकड्यावर पुढे सिमला वा कलकत्ता येथील अधिकाऱ्याचा निर्णय आणि शेकडो खलाशांचे प्राण अवलंबून असत. या अनाम निरीक्षकांचे नाव कोणत्याही इतिहासात घेतले जात नाही. मला तो त्या इतिहासांतला मोठा उणेपणा वाटतो. वरिष्ठ कामात एतद्देशीयांचा प्रवेश त्यामानाने उशिरा झाला. १८८५ साली पंजाबचे रुचिराम साहनी ब्लॅनफर्डचे सहायक म्हणून खात्यात आले व दैनिक हवामानपत्रक तयार करू लागले. विख्यात वनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी हे त्यांचेच पुत्र.

नवे खाते जेमतेम एक वर्षाचे झाले होते, तोच त्याच्या मर्यादा उघड्या पडल्या. १८७६ च्या ३१ ऑक्टोबरच्या रात्री मेघना नदीच्या मुखाशी, बाकरगंज जिल्हा आणि संद्वीप, हातिया, दक्षिण शाहबाजपूर या बेटांवर वादळाची लाट चढली. सुमारे एक लाख माणसे एका रात्रीत बुडाली आणि पाठोपाठ आलेल्या पटकीने जवळजवळ तितकीच नेली. बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल, जे पुढच्याच वर्षी मुंबईचे गव्हर्नर होऊन इकडे आले, ते स्वतः त्या मुलखात हिंडले. त्यांना असे दिसून आले की जे वाचले ते बहुतांशी घराभोवतीच्या दाट झाडीमुळे वाचले: पाण्याने त्यांना उचलले आणि फांद्यांनी त्यांना धरून ठेवले.

सरकारी वर्दीने त्यांना वाचविले नाही, कारण वर्दी त्यांच्यासाठी नव्हतीच. १८६५ चा शिरस्ता कलकत्त्याच्या जहाजांसाठी होता, म्हणजे व्यापारासाठी, विम्यासाठी, मालासाठी. ज्या बेटांवर तार नव्हती, तेथील लक्षावधी कुळांना कोणी व कसे कळवावे, हा प्रश्न कोणत्याही दफ्तरात उपस्थितच झाला नव्हता. वेधशाळा, तार, नकाशा, तज्ज्ञ यांची एक बाजू भराभर बळकट होत गेली आणि ज्याच्या दारात पाणी येणार त्याच्याकडची बाजू जवळजवळ शंभर वर्षे तशीच उघडी राहिली. वादळांच्या या साऱ्या इतिहासातला मुख्य दोष मला हाच दिसतो, आणि तो शास्त्राचा नसून राज्यकारभाराचा आहे.

बंदरांची व्यवस्था मात्र, आघात सोसत का होईना, सुधारत गेली. १८८८ च्या नोव्हेंबरात कच्छच्या मांडवीहून मुंबईस निघालेली ‘वैतरणा’ ही आगबोट, जिला विजेच्या दिव्यांमुळे लोक ‘वीजळी’ म्हणत, सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात शेकडो उतारूंसह नाहीशी झाली. तिचा मागमूसही लागला नाही. ब्लॅनफर्डनंतर आलेल्या जॉन इलियट यांनी उपसागरातील वादळांवर खलाशांसाठी मार्गदर्शक ग्रंथ लिहिला, आणि १८९८ पासून देशातील सर्व बंदरांवर इशाऱ्याच्या खुणा एकाच पद्धतीच्या झाल्या. आपल्या कोकणपट्टीत ‘बावटा लागला’ म्हणतात तो हाच. दिवसा काठीवर शंकू व नळकांडी चढवायची, रात्री तांबडे-पांढरे दिवे. एक क्रमांक म्हणजे दूर समुद्रात गडबड आहे, तीन म्हणजे बंदरालाच वाऱ्याचा धोका, आठ-नऊ-दहा म्हणजे महासंकट. यांतला शेवटचा, अकरावा बावटा सर्वांहून वेगळा आहे. हवामानकेंद्राशी संपर्क तुटला आहे आणि बंदरावरच्या अधिकाऱ्याला स्वतःच्या समजुतीने धोका दिसत आहे, असा त्याचा अर्थ. तार तुटेल, वरचा हुकूम येणार नाही, तेव्हा जागेवरच्या माणसाने स्वतः आकाश पाहून निर्णय घ्यावा, हे ज्याने या यादीत लिहिले त्याने वादळ जवळून पाहिले असले पाहिजे.

१९२८ साली खात्याचे मुख्य ठाणे सिमल्याहून पुण्यास आले. शिवाजीनगरच्या बाजूस जी दगडी मनोऱ्याची इमारत उभी आहे, तिला पुणेकर आजही सिमला ऑफिस म्हणतात. देशभरातून तारेने येणारे आकड्यांचे गट उलगडायचे, नकाशावरील एका चिमुकल्या वर्तुळाभोवती लाल व काळ्या शाईने दाब, वारा, ढग, तापमान हे सारे ठरल्या जागी लिहायचे, आणि मग समभाररेषा ओढायच्या, हे काम तेथे अहोरात्र चाले. दुसऱ्या महायुद्धात विमानांसाठी हवामानज्ञांची निकड भासू लागली तेव्हा येथेच प्रशिक्षणाची नियमित सोय झाली. पुढे त्या प्रशिक्षणसंस्थेस जागतिक हवामान संघटनेची मान्यता मिळून परदेशचे विद्यार्थीही शिकावयास येऊ लागले. स्वातंत्र्यानंतर, १९४८ साली, रामन यांच्या प्रयोगशाळेत तयार झालेल्या अण्णा मणी पुण्याच्या उपकरणशाळेत रुजू झाल्या. तोवर साधी उपकरणेसुद्धा बहुधा विलायतेहून येत. त्यांनी सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून ती येथे बनविण्याची वाट मोकळी केली. चुकीचे मोजमाप हे मोजमाप नसण्याहून वाईट, या निष्ठेने त्या आयुष्यभर वागल्या.

युद्धकाळाचा एक डाग मात्र येथे नोंदवलाच पाहिजे. ऑक्टोबर १९४२ मध्ये मिदनापूरच्या किनाऱ्यावर वादळाने सरकारी गणनेनुसारही चौदा हजारांहून अधिक बळी घेतले, आणि शत्रूस हवेची माहिती कळेल या सबबीखाली त्या अनर्थाची बातमीसुद्धा बराच काळ दाबून ठेवण्यात आली. लोकांसाठी असलेले ज्ञान लोकांपासूनच लपविले गेले.

पुढची प्रगती सर्वांच्या डोळ्यांसमोरची आहे. हिंदी महासागराच्या आंतरराष्ट्रीय मोहिमेच्या काळात, १९६३ च्या सुमारास, कुलाब्यास स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय केंद्रात उपग्रहांनी टिपलेली ढगांची चित्रे येऊ लागली. १९७० साली विशाखापट्टणम् येथे वादळ टिपणारे रडार बसले. आणि त्याच १९७० च्या नोव्हेंबरात, उपग्रहाने वादळ पाहिले असताना, रेडिओवरून वार्ता गेली असताना, पूर्व बंगालच्या भोला बेटावर व आसपास किमान तीन लाख माणसे बुडाली. नंतरच्या पाहणीत आढळले की वादळ येत आहे हे बहुतेकांच्या कानी आले होते, पक्क्या इमारतीचा आसरा घेणारे मात्र अत्यल्प. बेटावर पक्क्या इमारती मुळात होत्या किती, आणि दारात येऊन ‘आता नीघ’ असे सांगणारे विश्वासाचे माणूस होते कोण?

या प्रश्नाचे उत्तर नव्या बांगलादेशाने शोधले, आणि तेही दारिद्र्यात. १९७२ पासून रेड क्रॉसच्या साहाय्याने गावोगावी स्वयंसेवकांची पथके शिकवून तयार केली गेली. प्रत्येक पथकाकडे रेडिओ, हाताने फिरवायचा भोंगा, कर्णा आणि निशाणे. पथकातला मनुष्य गावचाच, त्यामुळे त्याच्या शब्दावर माणूस घर सोडतो. १९९१ च्या वादळात तरीही सुमारे एक लाख अडतीस हजार लोक गेले, कारण निवारे अपुरे होते. मग निवारे बांधण्यास वेग आला, आणि आज पंचाहत्तर हजारांहून अधिक असलेल्या या स्वयंसेवकांत निम्म्या स्त्रिया आहेत. आपल्या आंध्रातही नोव्हेंबर १९७७ मध्ये दिवीसीमेत सुमारे दहा हजार बळी पडल्यावर तहसील कचेऱ्यांत उपग्रहावरून इशारा घेणारी यंत्रे बसली आणि लोकांना आधी हलविण्याची पद्धत पडली. १९९० च्या मे महिन्यात तशाच प्रबळ वादळात मृत्यू हजाराच्या आत राहिले. ओरिसाने १९९९ साली सुमारे दहा हजार माणसे गमावून हा धडा घेतला, आणि १२ ऑक्टोबर २०१३ रोजी फायलिन वादळ गोपाळपूरजवळ येण्यापूर्वी दहा लाखांच्या आसपास माणसे सुरक्षित जागी नेली; प्राणहानी काही दहांच्या संख्येपुरती राहिली.

आपल्या कोकणात ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर चढले. इशारा वेळेवर मिळाला, हजारो लोक हलविले गेले, मृत्यू मोजकेच झाले. परंतु श्रीवर्धन, मुरुड, मंडणगड, दापोली या भागांत सुपारी-नारळाच्या बागा भुईसपाट झाल्या, वीज गेली, मोबाइलचे मनोरे मुके झाले, आणि कित्येक गावांचा जगाशी संबंध बरेच दिवस तुटलेला राहिला. म्हणजे अकराव्या बावट्याची स्थिती आपल्या दारात येऊन गेली आहे. तेव्हा पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या वाचकांना माझी एवढीच विनंती आहे: येत्या ग्रामसभेत आपल्या गावच्या कोळीवाड्यातील व वाड्यावस्त्यांतील दहा-वीस तरुण-तरुणींचे पथक नेमण्याचा ठराव करा, त्यांना वादळाच्या खुणा व इशाऱ्यांचे शिक्षण मिळावे अशी लेखी मागणी जिल्हाधिकारी कचेरीकडे करा, आणि बॅटरीचा रेडिओ, भोंगा, कर्णा व निवाऱ्याच्या इमारतीची किल्ली ही कोणाच्या हाती राहील ते पावसाळ्यापूर्वी ठरवून घ्या.